मोतीला वळण लावताना
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "या खेपेला तुम्ही बोला," तेव्हा माझी अगदी त्रेधा उडाली. आजवर या जागेवरून पाककृती झाल्या, बालसंगोपन झाले, काटकसरीच्या युक्त्या झाल्या, प्रवासवर्णने झाली. यांतले काहीच मला अधिकाराने सांगता येण्यासारखे नाही. तसे म्हणताच त्या हसून म्हणाल्या, "मग तुमच्या कुत्र्याविषयी बोला. सगळ्या सोसायटीला तो ठाऊक आहे." ठाऊक आहे हे खरे, पण तो कशामुळे ठाऊक झाला हे आठवून मी मान खाली घातली. ज्यांच्यावर तो प्रसंग ओढवला त्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी बोलायला उभी राहिले आहे.

आमचा मोती जातीने लॅब्रेडॉर. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस तो आमच्या घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि माझ्या ओंजळीत मावत होता. हट्ट मुलाचा होता. हौस मुलांची आणि उस्तवार आईची, हा अनुभव इथे बसलेल्या प्रत्येकीला असेलच. पिवळसर पांढरा रंग पाहून सासूबाईंनी मोती हे नाव ठेवले आणि "देवघरात पाऊल टाकलेस तर बघ" असा त्याला दम भरला. तो दम त्याला किती कळला कोण जाणे, पण सर्वांत आधी पाघळल्या त्या सासूबाईच.

पुढे महिन्याभरातच, २५ मार्च २०२० पासून, सारा देश घरात बसला. आम्हाला वाटले, बरेच झाले, पिल्लाकडे लक्ष द्यायला सगळे घरी आहेत. पण त्यातच घोटाळा होता. पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. त्या काळात जी माणसे, जे आवाज, ज्या वस्तू त्याला सुखरूपपणे भेटतात त्या त्याला जन्मभर आपल्या वाटतात. मोतीचा हा काळ चार भिंतींत गेला. घरातल्या चौघांखेरीज त्याने माणूस म्हणून पाहिला नाही. दाराची घंटा वाजणे ही त्याच्या लेखी जगावेगळी घटना होती.

दुसरी चूक मात्र सर्वस्वी आमची. लहानपणी तो दोन पायांवर उभा राहून अंगावर चढू लागला की आम्ही त्याला उचलून घेत असू. "किती ग लाघवी!" असे म्हणून लाड करत असू. मैत्रिणींनो, कुत्र्याला आरसा पाहता येत नाही. आपण पाच किलोंचे होतो ते आता चौतीस किलोंचे झालो, हे त्याला कोण सांगणार? ज्या उडीसाठी काल उचलून घेतले, तीच उडी मारल्यावर आज सगळे किंचाळतात, याचा अर्थ त्याने काय लावावा?

तो अर्थ लावायला शिकवायचे सोडून आम्ही दिवस ढकलत राहिलो, आणि नोव्हेंबर २०२१ ची दिवाळी आली. काकू फराळाचे ताट घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी दार उघडले. मोती माझ्या बाजूने सुटला आणि आनंदाने त्यांच्या अंगावर झेपावला. त्यात राग नव्हता, चावण्याचा विचारही नव्हता. पण चौतीस किलोंचा आनंद सत्तरीतल्या बाईला कसा पेलावा? काकू मागच्या मागे पडल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले. जिन्यात चकल्या विखुरल्या होत्या, काकू हात धरून बसल्या होत्या, आणि मोती शेपटी हलवत त्यांचे तोंड चाटायला बघत होता. ते दृश्य मी विसरू म्हटले तरी विसरणार नाही.

काकूंना दवाखान्यातून आणल्यावर रात्री मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून मोतीला मारले. आज हे सर्वांसमोर कबूल करते. प्रसंग घडून चार तास होऊन गेले होते. त्याने कान पाडले, अंग चोरले, डोळे तिरके केले. मला वाटले, याला आपला अपराध कळला. पुष्कळांची हीच समजूत असते. पण अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ मध्ये या "अपराधी" चेहऱ्याचा प्रयोग करून पाहिला. त्यात असे दिसले की, कुत्र्याचा हा चेहरा त्याने खोडी केली की नाही यावर अवलंबून नसून मालक रागावतो की नाही यावर अवलंबून असतो. खोडी न केलेली कुत्रीसुद्धा रागावल्यावर तसाच चेहरा करत. म्हणजे मोतीला माझ्या रागाची भीती तेवढी कळली. काकू आणि उडी यांच्याशी त्याने तिचा संबंध जोडलाच नाही. संबंध जोडला तो वर्तमानपत्राशी. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ह्यांनी पेपर हातात घेतला की तो पलंगाखाली जाऊन गुरगुरू लागला. मार देऊन मी एक दोष घालवला नाहीच, उलट एक नवा मात्र तयार केला.

मग घरात बैठक बसली. ह्यांच्या एका स्नेह्यांचे गावाकडे शेत आहे, तिथे त्याला पाठवावे असे ठरत आले. मुलगा जेवेनासा झाला. मी काकूंची माफी मागायला गेले आणि हा बेतही त्यांच्या कानावर घातला. त्या प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्याला घालवल्याने माझे हाड लवकर का जुळणार आहे? पण मला तुमच्या दाराशी पुन्हा यायचे आहे. तेवढे वळण त्याला लावा." काकूंच्या या दोन वाक्यांनी मोती घरात राहिला, आणि वळण लावायची जबाबदारी माझ्यावर आली.

पहिल्यांदा आम्ही शिकवणारा एक माणूस बोलावला. त्याच्या हाती काठी होती आणि गळ्यात आवळणारी साखळी होती. तो म्हणाला, "बाई, हा स्वतःला घरातला म्होरक्या समजतो. याला उताणा पाडून दाबून धरा, म्हणजे मालक कोण ते कळेल." दोन दिवसांत मोती त्या माणसाची चाहूल लागताच लघवी करू लागला. तिसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना नमस्कार केला.

पुढे वाचनात आले की, या म्होरक्याच्या कल्पनेचे मूळ १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी केलेल्या लांडग्यांच्या अभ्यासात आहे. ते लांडगे पिंजऱ्यातले होते. एकमेकांना अनोळखी प्राणी एकत्र कोंडल्यावर भांडणारच. डेव्हिड मेक या अभ्यासकांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली होती. पण रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, म्हणजे एक कुटुंबच. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनाचा विचार करणाऱ्या पशुवैद्यांच्या संस्थेनेही २०२१ मध्ये स्पष्ट मत दिले की, कुत्र्याला शिकवताना, अगदी तो अंगावर धावून जाणारा असला तरीही, बक्षिसाचीच रीत वापरावी, मारझोडीची नको.

मग मी आमच्या पशुवैद्य डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिल्याने मोतीचे कान तपासले. एका कानात आतवर दाह झाला होता. डोक्यावरून हात फिरवताना तो अलीकडे गुरगुरत असे, ते दुखण्यामुळे! लॅब्रेडॉरच्या लोंबत्या कानांत ही तक्रार पुष्कळदा होते, आणि थोराड जातींत खुब्याचे दुखणेही असते. तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवा, की कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला तर त्याला हट्टी म्हणण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

आता मुख्य रीत सांगते. ती एका वाक्यात मावते. कुत्रा जे करून त्याला काही मिळते ते तो पुन्हा करतो, आणि ज्यातून काहीच मिळत नाही ते हळूहळू सोडतो. मिळते म्हणजे केवळ खाऊ नव्हे. आपले पाहणे, हाताने ढकलणे, "अरे अरे" म्हणून ओरडणे हीसुद्धा उतावीळ कुत्र्याला दादच वाटते. म्हणून उडीवर उपाय असा की, त्याने पुढचे पाय उचलताच पाठ फिरवायची, हात छातीशी घ्यायचे, बोलायचे नाही, बघायचे नाही. चारही पाय जमिनीला टेकले की त्या क्षणी, एक-दोन सेकंदांच्या आत, "शाबास" म्हणून खाऊ द्यायचा. उशिरा दिलेले बक्षीस भलत्याच गोष्टीला जाऊन लागते.

खाऊ म्हणजे पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा, किंवा गाजराचा. सामिष घरात उकडलेल्या कोंबडीचा चालेल. तेवढे त्याच्या जेवणातून वजा करावे. मात्र बेदाणे, मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे आहेत. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. भक्तिभावानेसुद्धा तो त्याला देऊ नये. लॅब्रेडॉर जातीला खाण्याची ओढ जात्याच जास्त. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असे आढळले की, सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रेडॉर कुत्र्यांत भुकेशी संबंध असलेल्या एका जनुकाचा काही भागच गळालेला असतो. म्हणून ही कुत्री लठ्ठ लवकर होतात. पण शिकवणाऱ्याला ही ओढ म्हणजे हाती आयती किल्लीच.

पहिल्या आठवड्यात मोतीच्या उड्या कमी होण्याऐवजी वाढल्या. मी रडकुंडीला आले. पण दुकानात हट्टाने खेळणे मागणारे मूल आठवा. आजवर रडल्यावर मिळत असे, आज मिळत नाही, म्हणून ते आधी दुप्पट मोठ्याने रडते. तिथे आपण विरघळलो तर मूल एवढेच शिकते की, दुप्पट रडावे लागते. आमच्या घरी विरघळणारे होते चिरंजीव. सगळ्यांनी दिवसभर पाठ फिरवावी, आणि संध्याकाळी कॉलेजातून येऊन त्याने मोतीचे पुढचे पाय खांद्यावर घेऊन नाचावे! कधीमधी मिळणारे बक्षीस रोजच्या बक्षिसापेक्षा सवय अधिक पक्की करते. लॉटरीचा नाद सुटत नाही तो यामुळेच. शेवटी मी मुलाला काकूंचे प्लास्टर पाहून यायला पाठवले. तो परत आला तो पाठ फिरवायला शिकूनच.

दुसरी अडचण भाषेची. हे "सिट" म्हणत, मुलगा "डाऊन" म्हणे, सासूबाई "बस रे बाबा एका जागी" म्हणत, आणि मी काय म्हणत असे ते मलाही ठाऊक नव्हते. कुत्र्याने ऐकावे कुणाचे? मग "बस" हा एकच शब्द ठरला, तोही एकदाच उच्चारायचा. मात्र याची एक गंमत झाली. पंगतीला पाहुणे भाताला हात आडवा करून "बस, बस" म्हणाले की मोती दोनदा बसू लागला.

दाराच्या घंटेसाठी आम्ही दारापासून दहा पावलांवर सतरंजीचा तुकडा टाकला. घंटा वाजली की सतरंजीवर जाऊन बसायचे, तिथेच खाऊ मिळेल. हे पक्के व्हायला घंटा शेकडो वेळा वाजायला हवी होती. ती कोणी वाजवली? तुमच्यापैकी कितीतरी जणींनी. भाजीला जाता-येता तुम्ही आमची घंटा वाजवत होतात आणि निघून जात होतात. काकूसुद्धा गच्चीवर जाताना डाव्या हाताने घंटा वाजवून पुढे जात. एखाद्या घरातला कुत्रा शहाणा व्हायला शेजारही शहाणा लागतो, हे मी तेव्हा पाहिले.

पट्टा ओढण्याचेही असेच. पूर्वी मोती मला फिरवून आणत असे. आवळणारी साखळी काढून टाकली, कारण तिने गळ्याला इजा होते. छातीवरून जाणारा पट्टा घेतला. पट्टा ताणला की मी जागच्या जागी थांबे, सैल झाला की चालू लागे. पहिले आठ-दहा दिवस जिन्यापासून फाटकापर्यंत जायला अर्धा-अर्धा तास लागला. लोक हसले. पण ओढल्याने वाट थांबते आणि सैल चालल्याने उघडते, हे एकदा उमगल्यावर तळजाईच्या टेकडीवर आता सासूबाईही त्याचा पट्टा धरतात. वाटेत त्याला हुंगू द्यावे. आपल्याला जसे वर्तमानपत्र, तसा त्याला रस्त्याचा वास.

सामान कुरतडण्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. सहा-सात महिन्यांपर्यंत दात येतात म्हणून, आणि पुढे कंटाळा येतो म्हणून कुत्री कुरतडतात. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून जाळी आणि मासे आणून देत. पुढे इंग्लंडात शिकारीतली पाखरे आणण्याचे काम त्यांना लागले, आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबाने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. पिढ्यान्‌पिढ्या तोंडाने वस्तू उचलायचे काम केलेल्या प्राण्याला दिवसभर रिकामे ठेवले तर तो कोल्हापुरी चपलाच उचलणार. त्याला चघळायला त्याची वस्तू द्यावी, रोज दोन वेळा फिरवावे, चपला कपाटात ठेवाव्यात. दिवसभर साखळीला बांधून ठेवणे हा तर उपाय नव्हेच. आपल्या १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा अपराध मानला आहे.

एक गोष्ट मात्र आयांनी नीट ऐकावी. कुत्रा जेवताना गुरगुरला तर त्याला मारू नका आणि ताटली ओढून घेऊ नका. गुरगुरणे म्हणजे तो देत असलेली सूचना आहे. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावेल. लांबून जाता जाता त्याच्या ताटलीत अधिक चांगला तुकडा टाकावा, म्हणजे माणूस जवळ येतो तो घ्यायला नव्हे, द्यायला, हे त्याच्या मनात ठसते. मुलांना मात्र जेवत्या आणि झोपलेल्या कुत्र्याजवळ जाऊच देऊ नये. आणि गुरगुरणे वाढत असेल तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टरांना दाखवावे.

आता शेवटचे सांगते. काकूंचे प्लास्टर सुटले. संक्रांतीला त्यांना बोलवावे असे मनात होते. पण तालमीत मोती सतरंजीवरून दोनदा उठला, म्हणून त्या दिवशी मी त्याला आतल्या खोलीत ठेवले. त्यात कमीपणा नाही. तयारी झाली नसेल तेव्हा परीक्षा घेऊ नये, हे आपण मुलांच्या बाबतीत जाणतोच. मग २०२२ च्या चैत्रात हळदीकुंकवाला काकू आल्या. घंटा वाजली. मोती सतरंजीवर जाऊन बसला. त्याचे सगळे अंग थरथरत होते, शेपटीने जमीन झाडली जात होती, पण तो उठला नाही. काकू दारात जरा थबकल्या. मग हळूहळू पुढे आल्या, आणि मोडलेल्या त्याच उजव्या हाताने त्यांनी त्याला पनीरचा तुकडा दिला. मला त्या दिवशी आंब्याची डाळ वाटताना मीठ घातल्याचे भान राहिले नव्हते. डाळ अळणी झाली होती, आणि सगळ्यांनी ती गोड मानून खाल्ली.

मोती आदर्श झाला असे मी म्हणणार नाही. मांजर दिसले की अजून पट्टा ताणतो, आणि टपाल-पार्सल आणणाऱ्या मुलांवर त्याचा संशय गेलेला नाही. अजून रोज पाच-पाच मिनिटांचे दोन पाठ चालू असतात. पण वळण लावायला निघाले मोतीला, आणि लागत गेले आम्हाला. शब्द एकच वापरणे, आज एक उद्या दुसरे न वागणे, चूक होण्याची वाट पाहण्यापेक्षा चांगले केलेले दिसताच तत्काळ "शाबास" म्हणणे, हे सारे आम्ही आधी शिकलो, मग तो. ते "शाबास" घरातल्या माणसांच्या वाट्यालाही आता थोडे अधिक येऊ लागले आहे, असे सासूबाई म्हणतात.

आपल्यापैकी कोणी थोर जातीचे पिल्लू आणायचा विचार करत असेल तर एवढेच सांगेन, की पिल्लाकडे पाहू नका. दोन वर्षांनी तो केवढा होईल ते डोळ्यांपुढे आणा, आणि त्या आकाराला शोभतील अशा सवयी पहिल्या दिवसापासून लावा. म्हणजे तुमच्या काकूंना प्लास्टर घालायची वेळ येणार नाही.